समजासाहेब

निवडणुकीचं प्रशिक्षण ऐन रंगात आलं की सभागृहाचा मेन स्विच बंद करणारा अधिकारी मी एकच पाहिला. आमच्या जळगाव जामोद भागातले नायब तहसीलदार उत्तमराव ढोकणे. अंधारातून त्यांचा शांत आवाज यायचा, “समजा, लाइन गेली. मंग?”

कर्मचारी त्यांना मागे ‘समजासाहेब’ म्हणत. पुढे समोरही म्हणू लागले. ढोकण्यांना चालायचं.

ही सवय कचेरीपुरती नव्हती. नांदुऱ्याच्या एका लग्नात त्यांनी वधूपित्याला बाजूला घेऊन विचारलं, “समजा, नवरदेवाची गाडी नाल्यात फसली. मंग?” वधूपित्याने ताट खाली ठेवलं आणि नाल्यावर ट्रॅक्टर उभा करवला. गाडी वेळेवर आली. ट्रॅक्टरवाला जेवून गेला.

लोकसभेच्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मतदान केंद्र शाळेत होतं. वर टिनपत्रे. ढोकण्यांनी ते पाहिले आणि शाळा निकामी झालीच तर पक्क्या छताच्या अंगणवाडीत मतदान घ्यायची मंजुरी वरिष्ठांकडून आधीच आणली. एवढ्यावर थांबते तर ते ढोकणे कसले. त्यांनी कोतवालाकडून जागा बदलल्याच्या दवंडीचा सराव करून घेतला. कोतवालाने ती इतकी मन लावून दिली की गावातली म्हातारी माणसं ओळखपत्रं घेऊन अंगणवाडीपुढे रांगेत बसली. मतदान अजून लांब होतं. “काऊन बे, काम नाई का तुले?” एका आजीने साहेबांना सुनावलं. ढोकण्यांनी सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवलं. तहसीलदारांनी बोलावून झाडलं, तेही ऐकून घेतलं.

मतदानाच्या आदल्या दुपारी अवकाळी वादळ आलं. केंद्राध्यक्ष सोनोनेबाई, पेशाने शिक्षिका, पथकासह मशीन घेऊन शाळेत पोहोचल्या होत्या. पत्रे उडाले. त्यांनी ताडपत्रीखाली धरून मशीन अंगणवाडीत हलवलं. रस्त्यावर झाड पडून जीप अडली, तेव्हा ढोकणे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून शेतातून आले.

सकाळी दवंडी झाली. जागा कुठे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्या गावाला ती माहीत होती. रांगेत सर्वांत पुढे तीच आजी. “आज तरी खरं हाय न बे?” तिने विचारलं. ढोकणे म्हणाले, हाव.

मतदान वेळेवर सुरू झालं आणि एकही मतदार परत गेला नाही. मी पाठवलेल्या बातमीत ‘अभिमानास्पद’ हा शब्द सहसा टिकत नाही. त्या दिवशी तो छापून आला.

मशीन जमा होईपर्यंत उजाडलं. मग ढोकण्यांनी पथकातल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन केला, माणूस सुखरूप आहे, निघतो आहे. पुढचं मला सोनोनेबाईंनी सांगितलं. साहेबांच्या घरी कोण कळवतं, असं त्यांनी सहज विचारलं होतं.

“बायको गेल्यापासून तिकडं फोन उचलाले कोणी नाई, बाई.”

बाई म्हणाल्या, “मंग पोहोचले की मले करा. मी वाट पाहते.”

तासाभराने बाईंचा फोन वाजला. “ढोकणे बोलतो. पोहोचलो,” एवढंच ते म्हणाले. पण फोन त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.