दाखल्याची भाकर

जऊळका स्टेशनासमोर उदयसिंगचं हॉटेल होतं. तिथं मारोतराव पाटलांनी एका सकाळी समोर आलेली कचोरी परत केली. ही घटना साधी नव्हती. पन्नास-पंचावन्न सालच्या त्या काळात आमच्या भागात माणसाची किंमत धान्यावरून ठरत असे. ज्वारीची भाकर घरी, दार लोटून खायची. पाहुण्याला गव्हाची पोळी. आणि मैद्याची कचोरी चारचौघांत, रस्त्याकडे तोंड करून. पाटील वाशिमच्या कोर्टात तारखेला जाताना दर वेळी कचोरी खात आणि दिवसभर पोट धरून बसत. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी गहू आणि मैदा जन्मभरासाठी बंद केला.

"मंग खासान काय, पाटील?" उदयसिंगनं विचारलं.

"भाकर आन."

"हॉटेलात भाकर? लोकं हासतीन ना! माह्या धंद्याचं नाव जाईन."

कपबशा धुणारी रुपाबाई तांड्यावरून येत असे. ती कोपऱ्यात आपली न्याहारी सोडून बसली होती. भाकर आणि मिरचीचा ठेचा. पाटलांनी इकडंतिकडं पाहिलं आणि तिच्याकडून अर्धी भाकर मागून घेतली.

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला की पाटील बुडाले. तेव्हा पाटलांनी पारावर डॉक्टरांची चिठ्ठी काढून दाखवली. ती इंग्रजीत असल्यामुळं कोणालाही कळली नाही आणि सगळ्यांना पटली.

थोड्याच दिवसांत गावातल्या यच्चयावत प्रतिष्ठितांची पोटं दुखू लागली. उदयसिंगनं भाकरीसाठी वेगळं टेबल मांडलं, त्यावर चादर टाकली आणि रुपाबाईला कपबशांवरून काढून चुलीपुढं बसवलं. पण त्या टेबलावर हमाल आणि गाडीवानही येऊन बसू लागले. त्यांना कुठलाही रोग नव्हता, नुसती भूक होती. हा गैरप्रकार थांबवण्यासाठी 'गोधूमवर्ज्य उपाहार समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच मारोतराव. समितीनं ठरवलं की डॉक्टरी दाखल्याशिवाय भाकर मिळणार नाही, भूक हे वैद्यकीय कारण धरलं जाणार नाही आणि भाकरीच्या शुद्धतेसाठी बाहेरची भाकर हॉटेलात आणता येणार नाही.

"माह्या घरची भाकर अशुद्ध कशी, मालक?" रुपाबाईनं विचारलं. "थे बी माह्याच हातची, हे बी माह्याच हातची."

"तुह्या चुलीवर कमिटीची देखरेख नाही," उदयसिंग म्हणाला. "तू कचोरी खात जाय. कालच्या पडून हायेत."

अंधारात घर सोडून दुसऱ्यांसाठी भाकरी थापायच्या आणि स्वतः शिळी कचोरी गिळायची, असं त्या बाईचं सुरू झालं. सांगताना अजून संताप येतो. तिचं पोट फुगलं, तोंड उतरलं आणि एक दिवस ती चुलीपुढंच आडवी झाली. नवरा सोमला तिला त्याच अकोल्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी तपासलं आणि गहू, मैदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी रुपाबाई कागद उंच धरूनच हॉटेलात आली.

"घ्या मालक, मलेबी भेटला दाखला! आता तरी भाकर देसान ना?"

उदयसिंगनं कागद अध्यक्षांपुढं ठेवला. मारोतरावांनी हातातला घास खाली ठेवून तो पाहिला.

"दाखला खरा हाय," ते म्हणाले. "पन रुपाबाई, तू आता रोगी झाली. रोग्याच्या हातची भाकर लोकाईले कशी चारावं? उद्यापासून कामावर येऊ नको."

"अन् माही भाकर?"

"नियमानं भेटन. थापाले दुसरी बाई भेटली का पह्यली तुलेच."

रुपाबाई कागद पदराला बांधून तांड्याच्या वाटेला लागली.

तिचे हाल पाहून टेबलावरचे सगळे हळहळले. अध्यक्षांनी तिथल्या तिथं सहानुभूतीचा ठराव मांडला. हात ठेच्यानं माखले असल्यामुळं कोणी वर केला नाही. तेव्हा जो जो हळहळला त्याचं मत ठरावाच्या बाजूनं धरावं, असं ठरलं. तुमचंही धरलं आहे.