आधी काम, मग नाव

शनिवारी दुपारी आई-बाबा बाजारात गेल्यावर लेकीने नवी डीव्हीडी तपासून बघण्यासाठी प्लेअरमध्ये लावली, आणि चित्रपटाचं नाव सुरुवातीलाच आलं.

डीव्हीडीत दोष असेल असं तिला वाटलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. नमुना विचित्र आला की आधी बाटलीवर संशय घ्यायची सवय. तिने डीव्हीडी काढली, पुसली, परत लावली. नाव पुन्हा सुरुवातीलाच.

त्यांच्या घरात हे नाव चित्रपटाच्या मधोमध यायचं. ती लहान असताना बाबांनी बंद पडणाऱ्या एका व्हिडिओ लायब्ररीतून हा जुना, गाण्यांनी भरलेला इंग्रजी चित्रपट आणला होता. लांबलचक म्हणून दोन कॅसेट. खोकं हरवलेलं, पण लायब्ररीवाल्याने कॅसेटवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या हुकमाने घरात आधी एक लागायची, मग दोन. गोष्ट अशी: एक बाई पाच मुलांना घेऊन घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवते. एके दिवशी कुठूनसा एक मिशीवाला येतो, सगळी घड्याळं एकदम वाजू लागतात, सगळे नाचतात. पडद्यावर ‘समाप्त’. मग दुसरी कॅसेट. चित्रपटाचं नाव, मिशीवाल्याचा सुखाचा संसार, आणि शेवटी दुकान बसतं, तो आगगाडीने दूर निघून जातो. मुलं फलाटावर गातात. पडद्यावर ‘मध्यंतर’.

बाबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना हे उलगडून सांगितलं होतं. "आपल्याकडे आधी नाव, मग काम. त्यांच्याकडे आधी काम दाखवतात, मग नाव सांगतात."

"मग मध्येच समाप्त का?"

"तिचं एकटेपण समाप्त."

"आणि शेवटी मध्यंतर?"

"माणूस गेला तरी मागच्यांचं पुढचं राहिलेलंच असतं. म्हणून."

आई दरवेळी त्या फलाटावर रडायची. धाकट्या मुलाचा पडलेला दात दुसऱ्या कॅसेटमध्ये जागेवर दिसे. "दुधाचा पडला, नवा आला." मोठा कुत्रा एकदम पिल्लू होई. "ते त्याचं पिल्लू." शेजारीपाजारी, पाहुणे, जो येईल त्याला बाबा हे समजावत. लेक आता डीव्हीडीसमोर बसून हसावं की रडावं अशा अवस्थेत होती. चुकीच्या गृहीतकावर उभं राहिलेलं इतकं घोटीव काम तिने प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या, बस्स.

पण बाबा छापखान्यात बांधणी खात्याचे फोरमन होते. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापून घड्या घातलेले कागदाचे गठ्ठे, क्रमाने जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. त्यांच्या हाताखालून एकही पुस्तक पानं मागेपुढे होऊन बाहेर पडलं नव्हतं, आणि या लौकिकावरच ते शुक्रवारी निवृत्त झाले होते. रविवारी त्यांनी खात्यातल्या लोकांना घरी बोलावलं होतं. कार्यक्रम एकच: चित्रपट, आणि त्याआधी बाबांचे दोन शब्द. जुन्या कॅसेट खरखरायच्या, म्हणून लेकीने हौसेने डीव्हीडी आणली होती. म्हणजे बाबांचं हसं करायची सोय तिने पदरचे पैसे घालून केली होती.

तिने विचार केला आणि उपाय सापडला. डीव्हीडीत चित्रपटाचे तुकडे पाडलेले होते. मध्यंतरानंतरच्या तुकड्यापासून सुरू करायचं, ‘समाप्त’ आलं की गुपचूप पहिल्या तुकड्यावर उडी मारायची. प्लेअरच्या खिडकीत तुकड्याचा आकडा दिसत होता. त्यापुढे तिने आजोबांचा फोटो ठेवला. वेष्टनाच्या मागे कथासार होतं. ते सोफ्याच्या गादीखाली सरकवलं.

रविवारी खात्यातली माणसं आली. त्यांच्यात गोंदमास्तर होते. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठींना गोंद लावल्याने हे नाव पडलेलं. शिवाय आईचा भाऊ, लेकीचा मामा, न बोलावता आला होता.

"आजोबांना टीव्हीखाली का बसवलंय गं?" मामाने आल्याआल्या विचारलं.

"त्यांनाही बघू दे ना, मामा."

"तुझे आजोबा पिक्चर बघणाऱ्याला घराबाहेर काढायचे!" असं म्हणत मामाने फोटो उचलून कपाटावर ठेवला. लेकीने पाण्याचा तांब्या आणून प्लेअरच्या खिडकीपुढे ठेवला. मामाने पाणी पिऊन तांब्या स्वयंपाकघरात नेऊन दिला. तेव्हा ती स्वतःच टीव्हीला टेकून जमिनीवर बसली.

"डोळे खराब होतील," आई म्हणाली.

"मला इथूनच छान दिसतं."

"पडद्याला पाठ करून?"

बाबा उठले, खाकरले. "पुस्तकात पान मागेपुढे झालं तर वाचक अडतो. पण मोठा कलावंत मुद्दाम मागेपुढे करतो, आणि बघणारा अडत नाही, विचारात पडतो." गोंदमास्तरांनी मान डोलावली. लेकीने रिमोट दाबला.

"अगं, हे तर मधूनच सुरू झालं!" मामा म्हणाला.

"तो मधूनच सुरू होतो," बाबा म्हणाले.

"बरंय की. उशिरा येणाऱ्याचं काही बुडत नाही."

घड्याळाच्या दुकानातलं पहिलं गाणं संपत आलं आणि वीज गेली. पाचेक मिनिटांत आली. रिमोट चाचपडताना तो लेकीच्या हातून सोफ्याखाली गेला, आणि ती पालथी पडून तो काढेपर्यंत प्लेअर आपलाआपण सुरू झाला, पहिल्यापासून. वाद्यं कडाडली आणि पडदाभर सोनेरी अक्षरांत चित्रपटाचं नाव आलं. मागोमाग पिल्लू आलं.

लेक सोफ्याखालीच राहिली.

"भावजी," मामा म्हणाला, "ही तर सुरुवात दिसतेय."

बाबा पडद्याकडे बघत होते. चष्मा काढून पुसला, परत लावला. "नवीन आवृत्तीत क्रम बदलला वाटतं."

"बिघडवला म्हणा, साहेब!" गोंदमास्तर उसळले. "कुणीतरी फर्मे उलटे लावलेत. असा माणूस आपण एक दिवस ठेवला नसता!"

"नसता ठेवला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पण सुरू झालाय तर चालू दे."

रिमोट हातात होता, पण लेकीने उडी मारली नाही. सगळा चित्रपट नव्या क्रमाने झाला. मिशीवाला गाडीने गेला, मध्यंतर आलं, पिल्लाचा कुत्रा झाला, दात पडला, मिशीवाला परत आला, घड्याळं वाजली आणि ‘समाप्त’ अगदी शेवटी आलं. आई टाळ्या वाजवून चहा टाकायला उठली. लेक तिच्या मागे गेली.

"आई, तुला कळलं ना, काय झालं ते?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कुत्र्यांची पिल्लं होतात, पिल्लांचे कुत्रे होतात, पण गळ्यात तोच पट्टा?"

"मग बोलली का नाहीस?"

आईने साखर टाकली. "तुझ्या बाबांनी जन्मभर लोकांची पुस्तकं बांधली. त्यातल्या एकाबद्दल तरी मत दिलेलं ऐकलंस कधी? म्हणायचे, शिकलेल्यांचं काम ते, आपण शिवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा इतकं बोलले. आणि काय चांगलं बोलले गं! मी त्यांना कुत्रा दाखवू?" तिने गाळणी झटकली. "त्यांना सांगू नकोस हं, मला ठाऊक होतं ते."

पाहुणे गेले. जाताना गोंदमास्तर त्या नव्या आवृत्तीला शिव्या देतच गेले. बाबा कपाटातल्या जुन्या कॅसेट काढून बसले होते. एका चिठ्ठीच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं.

"पक्की बसलीय. लावणाऱ्याचा हात चांगला होता."

"बाबा, मला आधी सांगायला हवं होतं. शनिवारीच कळलं मला."

"तुला शनिवारी कळलं?" बाबा हसले. "मला तुझे पुढचे दात पडले तेव्हा कळलं. दात यायला किती दिवस लागतात ते घरातच दिसत होतं."

लेक त्यांच्या शेजारी मटकन बसली. "म्हणजे तेव्हापासून तुम्ही... मग आजही, नवीन आवृत्ती वगैरे?"

"हळू बोल. आईला कळेल." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कपबशा वाजत होत्या. "मी चिठ्ठ्या बदलायला घेतल्याही होत्या. पण शेवटी गाडी सुटली की तुझी आई माझा हात धरायची. फलाट रिकामा झाला तरी सोडायची नाही."

त्यांनी दोन्ही कॅसेट एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या, एक आकड्याची वर, दोनची खाली.

"आज तो परत आला," बाबा म्हणाले, "तर चहा टाकायला उठली."