सुतकातली खुर्ची

आमचे दत्तूआण्णा चाकाच्या खुर्चीपुढे चहा ठेवतात. रिकाम्या खुर्चीपुढे. तो नंतर कोण पितं, हे विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

मंगळवार पेठेत आमची छोटी संस्था आहे. आजाऱ्यांना खुर्च्या, वॉकर, लोखंडी खाटा फुकट वापरायला द्यायच्या, गरज संपली की परत घ्यायच्या. आण्णा तिचे अध्यक्ष, शिपाई आणि हमालही. मी निवृत्त मास्तर, म्हणून चिटणीस; म्हणजे अर्ज खरडणारा. आता, गरज बहुतेकदा कशी संपते ते तुम्ही ओळखलं असेलच. तसं साहित्य परत आलं की आण्णा ते स्वतःच्या घरी नेतात, पुसतात, भिंतीशी मांडतात आणि तेरावा होईपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत. विचारलं तर एकच उत्तर, "सुतकात हाय."

त्यांच्या घरी मी भरदुपारीही बिचकत जायचो. पुढच्या सोप्यात दोन-तीन खुर्च्या दाराकडे तोंड करून, पुढ्यात कपबशा. एकदा त्यातली एक सावकाश माझ्याकडे सरकत आली. माझी पाचावर धारण बसली. आण्णा आतून ओरडले, "फरशीला उतार हाय मास्तर, भिऊ नगासा!" मग बाहेर येऊन खुर्चीला म्हणाले, "पाटील, दम खावा की जरा." तो उतार मी नंतर निरखून पाहिला. उलट दिशेला होता.

यंदा मी खटपट करून एका कंपनीच्या सामाजिक निधीसाठी अर्ज केला. आमचं निम्मं साहित्य मोडकळीला आलंय. हा निधी हुकला तर संस्थेला कुलूपच. पाहणीला एक मॅडम आल्या. संस्थेच्या खोलीत फारसं काही दिसेना, म्हणून त्यांना आण्णांच्या घरी न्यावं लागलं. दमलेल्या मॅडम एका खुर्चीत टेकणार, तोच आण्णा गरजले, "तिथं नगं! तिथं बसल्यात!"

मॅडम ताडकन सरळ झाल्या. "कोण?"

"सुतारमामा. गेल्या आठवड्यात वारलं."

माझा निधी डोळ्यांदेखत पंचगंगेत वाहून गेला.

पण बाई धीराच्या. शांतपणे म्हणाल्या, "काका, बाहेर जिवंत माणसं खुर्चीसाठी थांबली आहेत. साहित्य असं अडवून ठेवलंत तर निधी मिळणार नाही. नियमच आहे तसा." खरं सांगतो, मलाही हेच म्हणायचं होतं. इतकी वर्षं राग गिळत आलो होतो.

तेवढ्यात सुतारमामांची लेक सुमन दारात आली. कबनूरला यंत्रमागवाल्यांच्या घरात दिलेली. कुणाशी न बोलता ती त्या खुर्चीच्या पायाशी बसली, खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं आणि रडायला लागली.

आण्णांनी आम्हाला घरामागच्या परड्यात नेलं. "सासरी मागांचा खडखडाट. म्हायेरात पावण्यांस्नी च्या करायचा. पोरीनं रडायचं कुठं, सांगा की? माझी कारभारीण मालन गेली तवा तिची खाट त्याच सांजंला दुसऱ्याकडं गेलती. हात ठेवाय कायसुदिक ऱ्हायलं न्हवतं."

मॅडमनी हातातली फाईल मिटली. पण नियम काही त्यांच्या हातात नव्हता.

आण्णांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "जित्या माणसाचं अडाय नगं, व्हय. उद्या न्या खुर्च्या."

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो. सगळं चढवून झालं आणि सुमन आली. खुर्ची टेम्पोत गेली हे तिला सांगायला म्हणून मी मागोमाग सोप्यात शिरलो, तर खुर्चीच्या जागी, भिंतीशी, आण्णा बसले होते. दाराकडे तोंड, हात मांडीवर, नजर स्थिर, पापणीसुद्धा हलत नव्हती. सुमन थबकली. मग त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचा हात धरून त्यावर डोकं टेकलं.

ती निघून गेली तरी आण्णा उठेनात.

"आण्णा, टेम्पोवाला खोळंबलाय," मी म्हणालो.

"जाऊ दे त्येला," ते हळूच म्हणाले. "मालन गेल्यापास्नं कुणी हात धरून बसलं न्हवतं बघा, मास्तर."