तुलनात्मक तक्ता, ओळ एकशे अठरा

कोणतीही वस्तू घेण्याआधी तिची तुलना करावी, आणि तुलना नीट व्हायची असेल तर वस्तू घेण्याची घाई करू नये. टँकर नियोजन कक्षाचा सगळा कारभार याच तत्त्वावर चालत असे.

साल २००३. पावसानं पुन्हा पाठ फिरवलेली, आणि शहर मात्र चारी अंगांनी सुटलेलं. कुठल्या वस्तीला कधी टँकर जातो, हे वहीत मावेना. म्हणून सर्व्हर, म्हणजे मोठा संगणक, घ्यायचं ठरलं आणि त्यावरची युनिक्स प्रणाली निवडायला समिती नेमली गेली. उमेदवार तीन: सोलॅरिस, एआयएक्स आणि एचपी-यूएक्स. तिन्ही नावाजलेल्या. नव्या नोंदी नव्या प्रणालीतच व्हाव्यात म्हणून तोवर बत्तीस वस्त्यांचे टँकरसाठीचे अर्ज थांबवण्यात आले. (अन्याय नको म्हणून सगळ्यांचे सारखेच थांबवले.)

तक्ता करायचं काम अजिनाथकडं आलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, एवढीच त्याची तांत्रिक पात्रता. थांबलेल्या अर्जांत एक त्याच्या आत्याच्या वस्तीचा होता. कस्तुराबाई शहराच्या वेशीवरच्या पडेगावच्या पलीकडं बेचाळीस मेंढरं घेऊन राहायची, आणि तिथली विहीर संक्रांतीलाच आटली होती. रोज सकाळी अजिनाथला तेच आठवायचं.

फेब्रुवारीत तक्त्यात बारा ओळी होत्या. एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालतात का? अचानक वीज गेल्यावर फायली सावरल्या जातात का? सुटा भाग यंत्र न थांबवता बदलता येतो का? तिन्ही रकान्यांत ‘होय’ आलं. समितीचे अध्यक्ष नानासाहेब खट्टू झाले. “सगळेच होय म्हणायलेत, मग तुलना कशाची करायची? ओळी वाढवा.”

सर्व्हरसाठी खोली आधीच तयार होती. चार मोठे कूलर बसले होते आणि त्यांच्यासाठी दिवसाआड टँकर मंजूर होता. (दमट हवा यंत्राला मानवत नाही, असं तज्ज्ञांनी कळवलं होतं; पण यंत्रच नसल्यानं ती हरकत निर्धास्तपणे फेटाळता आली.) अख्ख्या इमारतीत तेवढीच खोली गार. साहजिकच बैठका तिथंच होऊ लागल्या आणि सखोल होत गेल्या. उपलब्ध आकडेवारीनुसार पारा एक अंश चढला की तक्त्यात नऊ ओळी वाढत. मे महिन्यात ओळी एकशे सतरा झाल्या. एक सदस्य तर तुलनेत इतके बुडाले की घोरू लागले.

एक दिवस कस्तुराबाई रिकामी कॅन घेऊन थेट दारात आली.

“अजिनाथा, काय करायलाव रं तुम्ही? हितं भिंतीला पाणी पाजायलेत अन् माझ्या मेंढरांना घोटभर नाय!”

“आत्या, तुलना चालू हाय.”

“कशाची?”

अजिनाथनं तक्त्याकडं बोट दाखवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या दुपारी त्यानं एकशे अठरावी ओळ लिहिली: ‘मुख्य यंत्र बंद पडल्यास दुसऱ्या ठिकाणचं यंत्र काम उचलतं का?’

तिन्हींचं उत्तर ‘होय’. पण दुसरं ठिकाण असल्याशिवाय हे पडताळायचं कसं? समिती गंभीर झाली. जागा शहराबाहेर हवी, फार लांब नको. अजिनाथनं पडेगावपलीकडचं एक पत्र्याचं शेड सुचवलं. दुय्यम संगणक केंद्र मंजूर झालं, आणि केंद्र म्हटलं की गारव्याचं पाणी आपोआप मंजूर. तिसऱ्या दिवशी टँकर कस्तुराबाईच्या दारात उभा राहिला.

पुढं नानासाहेब पाहणीला गेले. शेडमध्ये मेंढरं होती. त्यांनी ती एकेक करून मोजली. मग कस्तुराबाईनं तांब्याभर पाणी दिलं, ते पिऊन त्यांनी शेरा लिहिला: ‘एकूण बेचाळीस. सर्व चालू स्थितीत.’

मग उरलेल्या एकतीस वस्त्यांतही केंद्रं निघाली. एवढी सुरक्षित व्यवस्था दुसरीकडं सापडायची नाही: राखीव केंद्रं बत्तीस आणि मूळ यंत्रच नाही, त्यामुळे बिघाडाला वाव नाही.

“ते मशीन कधी यायचंय रं?” कस्तुराबाईनं एकदा विचारलं.

“आलं की तुलना संपली, आत्या. मग केंद्रं बंद, अन् सगळे अर्ज पहिल्यापासून तपासणार.”

“मग नगं येऊ म्हणावं. लई गुणाचं हाय ते.”

आता इथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न असणार: शेवटी तिघांतली कोणती प्रणाली घेतली? कृपया तो लेखी विचारू नये. लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं, उत्तर द्यायचं तर यंत्र घ्यावं लागतं, आणि यंत्र आलं की बत्तीस वस्त्यांचं पाणी तुटतं. एवढं कळूनही ज्यांना ते जाणून घ्यायचंच आहे, त्यांच्यासाठी समितीत एक जागा राखून ठेवली आहे. येताना शाल आणावी.