टिटवीचा रस्ता

नानासाहेबांच्या पडीक रानात टिटवीची सहा घरटी सापडली आणि पाचोडच्या त्या शिवारात रस्त्याचं प्रकरण सुरू झालं.

घरटी दाखवली मल्हारीनं. त्याची मेंढरं त्या रानातून रोज जायची. नानासाहेबांची धाकटी लेक प्रेरणा छत्रपती संभाजीनगरला शाळेत विज्ञान शिकवायची आणि दर रविवारी हौशी मंडळींबरोबर शेतांमधले पक्षी मोजायची. टिटवीचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार खडे आणि त्यात खड्यांसारखीच चार अंडी. तीन आठवड्यांनी तिथं ट्रॅक्टर फिरणार होता. म्हणून प्रेरणानं प्रत्येक घरट्याजवळ काठीला लाल कापड बांधलं आणि त्यावर नंबर टाकले. टी-१ ते टी-६.

"नाना, हे कुणाला सांगू नका. लोक बघायला येतात, त्यांच्या मागं कुत्री येतात. अंडी राहत नाहीत."

"नाय सांगत," नानासाहेब म्हणाले. त्यांना आजवर कुणी गुपित सांगितलंच नव्हतं, त्यामुळे हे त्यांनी फार मनापासून सांभाळलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे काकासाहेब बांधावर उभे.

"झेंडे कशाचे ओ, नाना?"

"हायेत असेच."

"असेच कुणी नंबर टाकतं व्हय?"

"मला सांगता येत नाय, काकासाहेब. वरून ताकीद हाय. महिनाभरात मोकळं होईल समदं."

वरून म्हणजे प्रेरणाकडून. काकासाहेबांना ते मंत्रालयातून असं ऐकू आलं. पैठणकडून नवा रस्ता येणार, ही बातमी पाच वर्षं गावात फिरत होती. रस्त्यात जाणाऱ्या रानात फळझाडं असली की मोबदला वाढतो, हेही गावाला ठाऊक होतं. काकासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी प्रेरणा दोन मैत्रिणींना घेऊन आली. तिपाईवर मोठी दुर्बीण लावून एक बघायची, दुसरी आकडे सांगायची, तिसरी लिहायची. बाभळीआडून काकासाहेबांनी एवढंच ऐकलं, "टी-चारपासून बांध चाळीस पावलं." ते सरळ पैठणच्या रोपवाटिकेत गेले.

ऐन वैशाखात त्यांच्या रानात दोनशे आंब्या-जांभळांची रोपं लागली, ठिबक आलं, जेसीबीनं शेततळं खोदलं. ते बघून पलीकडच्या बिभीषणनं सीताफळं लावली. त्याचं बघून आणखी चौघांनी पेरू लावले. विचारलं तर प्रत्येकजण म्हणायचा, "हौस." पंधरा दिवसांत त्या शिवारात हौस इतकी वाढली, की रोपवाटिकेत आंब्याचं रोप मिळेना.

बिभीषणची अडचण एवढीच होती, की त्याचं रान झेंड्यांच्या ओळीत येत नव्हतं. एके दिवशी सकाळी सहाही झेंडे त्याच्या कांद्याच्या वावरात दिसले. नंबरसुद्धा ओळीनं होते.

आणि नेमका त्याच सकाळी नानासाहेबांकडे ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, झेंड्यांभोवतीची जागा सोडून नांगर. झेंडे नाहीत म्हटल्यावर त्यानं कडेपासून नांगरायला घेतलं. नानासाहेब धोतर सावरत धावले आणि दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. घरटी कुठं आहेत, ते त्यांना काही केल्या दिसेना. त्यांनी मल्हारीला हाका मारल्या.

मल्हारी आला, थांबला, जमिनीवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाला, "नाना, पाय हलवू नका."

"का रं?"

"तीन नंबर तुमच्या टाचंपाशी हाय."

नानासाहेब तसेच हात पसरून खांबासारखे उभे राहिले. डोक्यावर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या. लांबून बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. नाना रस्त्याला आडवे पडलेत. दहा मिनिटांत वीसेक माणसं जमली. पुढं काकासाहेब.

"नाना, रस्ता अडवू नका. समद्या शिवाराचं भलं हाय त्यात."

"कसला रस्ता?"

"आता आमच्यापासून कशाला लपवता?"

नानासाहेबांनी मल्हारीकडं पाहिलं. गुपित आता त्यांच्यानं पेलवेना. "खाली बसा," ते म्हणाले, "आन् माझ्या टाचंकडं बघा."

माणसं उकिडवी बसली. चारांपैकी एक अंडं तडकलं होतं. फटीतून इवलीशी चोच बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. बऱ्याच वेळानं ओलं पिल्लू बाहेर पडून धापा टाकत राहिलं.

मग काकासाहेबांनी हळूच विचारलं, "म्हंजे झेंडे...?"

"अंड्यांचे."

"आन् नंबर?"

"ते बी अंड्यांचेच."

"वरून ताकीद म्हणाला ते?"

"आमची प्रेरणा."

कुणाला हसू आलं नाही, कारण प्रत्येकाच्या रानात झाडं होती. बिभीषण गुपचूप उठला. थोड्या वेळानं सहा झेंडे खांद्यावर टाकून आला आणि मल्हारी बोट दाखवेल तिथं रोवत गेला.

काकासाहेब तावातावानं घरी आले. "समदी उपटून टाकतो."

"हात लावायचा नाय," त्यांच्या बायको वच्छलाबाई म्हणाल्या. "ठिबक बंद पडलं की कळशीनं पाणी मी घातलंय. जगलीत ती. तुमचा रस्ता नसंना का."

झाडं राहिली. सहापैकी एक घरटं मुंगसानं खाल्लं, पाच घरट्यांतली पिल्लं तुरुतुरु पळून गेली. पावसाळ्यात शेततळं काठोकाठ भरलं, आणि दिवाळीनंतर त्यात हळदी-कुंकू बदकांची जोडी उतरली. पुढच्या वर्षीच्या मोजणीत त्या शिवारात एकतीसऐवजी अठ्ठेचाळीस जातींचे पक्षी निघाले. त्यातले बरेचसे काकासाहेबांच्या बांधावर होते, ही गोष्ट नानासाहेबांना जरा लागली.

त्याच सुमारास काकासाहेबांनी आपलं रानही मोजणीत घ्या म्हणून प्रेरणाला निरोप धाडला. रविवारी ती गेली, तर मोजणीचा फॉर्म भरून तयार होता. शेवटचा रकाना होता, 'झाडे व शेततळे कोणत्या उद्देशाने केले?' काकासाहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पक्ष्यांसाठी. पहिल्यापासून.'

प्रेरणानं ते दोनदा वाचलं. काकासाहेब तळ्याच्या काठावर पाठमोरे उभे होते, बदकांची पिल्लं बोटांवर मोजत. एक कमी भरलं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिनं 'माहिती पडताळून पाहिली' या चौकोनात खूण केली आणि सही केली.