चौथीच्या वर्गातले जबाब

सव्वीस वर्षं चोरांचे जबाब लिहिणाऱ्या हवालदारांना आज चौथीच्या मुलांशी नुसत्या गप्पा मारायच्या होत्या, आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. शाळेत नेमणूक होण्याआधीच्या प्रशिक्षणात ते एकदा नापास झाले होते. ही शेवटची संधी. त्यात बायकोने या नेमणुकीचं आधीच अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं, म्हणजे परतीचे दोरही कापलेले.

प्रशिक्षक मॅडमनी तीन आठवडे एकच घोकून घेतलं होतं: वही काढायची नाही, चौकशी करायची नाही. त्या गुणपत्रक घेऊन मागच्या बाकावर बसल्या. एवढ्यात एका मुलीने खोडरबर हरवल्याचं सांगितलं. झालं! हवालदारांचा हात सवयीने खिशात गेला. बाक कितवा, रबराचा रंग कोणता, शेवटचं कधी पाहिलं, सगळं लिहून त्यांनी खाली तिची सही घेतली.

सही म्हटल्यावर वर्गाला राहवेना. आपलं बोलणं मोठं माणूस लिहून घेतंय, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रांग लागली. रबर घेणाऱ्याने तर आपणहून कबुली दिली. तक्रार तुमच्याबद्दल असली तर, असं एकाने विचारलं. हवालदारांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हवालदारकाका बसताना कण्हतात.'

शेवटी एक मुलगी आली. वर्गशिक्षिकेनेही तिचा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता.

"मधल्या सुट्टीत माझ्याशी कोणी खेळत नाही."

याला कुठलं कलम लावायचं, ते हवालदारांना काही सुचेना. त्यांनी पेन ठेवलं आणि हिच्याशी कोण खेळणार, म्हणून सरळ वर्गालाच विचारलं. अकरा हात वर आले.

मॅडम उठल्या. नियम म्हणजे नियम.

"वही काढलीत, हवालदार. नापास."

हवालदार दाराकडे निघाले. मागे पुन्हा रांग लागली, या वेळी मॅडमसमोर. सगळ्यात पुढे तीच अबोल मुलगी.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध."

मॅडम खाली बसल्या आणि गुणपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागल्या. एकोणतीस जबाब, सगळे एकाच गुन्ह्याचे. मग त्यांनी पान उलटलं, 'नापास'वर काट मारली आणि हवालदारांना सोमवारपासून याच शाळेत हजर व्हायला सांगितलं.

हवालदारांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. मॅडमना नाही, रांगेला.