रव्याचा बार

फाउस्तोचं एक ठाम मत होतं. जुन्या धाटणीच्या, पण हल्लीच्या कारखान्यात बनलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोष नसतो, दोष असतो तो चालवणाऱ्यात. हे तो आपल्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी वस्तरा धरून सांगे, त्यामुळे अख्ख्या खोऱ्यात त्याला विरोध करणारा कुणी उरला नव्हता. आरशाशेजारी नेमबाजी मंडळाचा चषक कित्येक वर्षं ठाण मांडून बसला होता.

यंदा मात्र ओरेस्ते बेकरीवाला आडवा आला. त्याची रिव्हॉल्व्हर म्हणजे फाउस्तोच्या रिव्हॉल्व्हरची जुळी बहीण, एकाच कारखान्यातली. गेल्या सालापर्यंत ती उठसूट रुसायची. बंदुकीच्या काळ्या दारूची काजळी साचायची, गोळ्यांचं नळकांडं फिरायचं थांबायचं, आणि ओरेस्ते घामाघूम व्हायचा. या मोसमात तीच शिवणयंत्रासारखी चालत होती. फाउस्तोला ते बघवत नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी तो चिंधी मागायच्या निमित्तानं ओरेस्तेच्या टेबलाशी गेला. तिथे चरबीची डबी उघडी होती. गोळ्यांवर लिंपायची, काजळी मऊ राहावी म्हणून. फाउस्तोनं वाकून वास घेतला.

संत्र्याची साल.

साऱ्या खोऱ्यात चरबी कढवताना संत्र्याची साल घालणारी बाई एकच होती, आणि तिच्याशी फाउस्तोचं लग्न झालेलं होतं.

"काय झालं रे?" ओरेस्तेनं विचारलं.

"काही नाही. छान वास आहे."

"आहे ना?" ओरेस्ते लाजला. लाजला! फाउस्तोनं हे मनात नोंदवून ठेवलं.

तो आपल्या टेबलाशी परतला. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोनं, इव्हानानं, हात हलवला. नेमका कुणाला? दोन्ही टेबलं शेजारीशेजारी होती. एक डोळा बायकोवर आणि एक ओरेस्तेवर ठेवून फाउस्तो रिव्हॉल्व्हर भरू लागला. क्रम ठरलेला: नळकांड्याच्या प्रत्येक घरात आधी दारू, दारूवर पोकळी भरायला रवा, त्यावर गोळी, वरून चरबी. हात सवयीनं चालत होते. मागच्या बाजूला ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या टोप्या बसवल्या आणि त्यानं नेम धरला.

टिक.

फुगा फुटल्याइतकाही आवाज नाही. त्यानं पुन्हा चाप ओढायला घेतला, तर नळकांडं जागचं हलेना.

"देलियाबाई, इकडे या," तो पंचबाईंवर ओरडला. "बघा हा कारखान्याचा माल! विश्वास कशावर ठेवायचा माणसानं?"

देलियाबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी शांतपणे रिव्हॉल्व्हरची नळी उतरवली. गोळी अर्धी नळकांड्यात, अर्धी नळीत अडकली होती. त्यांनी ती ठोकून काढली. मागोमाग टेबलावर पांढराशुभ्र रवा सांडला.

"दारू कुठे आहे, फाउस्तो?"

दारूच्या भरलेल्या कुप्या त्याच्यासमोर ओळीनं उभ्या होत्या. एकीचंही बूच निघालेलं नव्हतं.

बाकीची घरं रिकामी करेपर्यंत वेळ संपली, आणि चषक ओरेस्तेनं जिंकला. फाउस्तो तडक बाकाकडे गेला.

"त्याला चरबी तू दिलीस?"

"दिली की," इव्हाना म्हणाली.

"का?"

"रानातले मशरूम आणून दिले त्यानं. शनिवारी दोनदा वाढून घेतलेस, तेव्हा काही विचारलं नाहीस."

"पण माझी चरबी? त्याला?"

"अरे, दोन वर्षं झुरत होता तो बिचारा. मी पाव आणायला गेले की हेच. फाउस्तोची कधी अडकत नाही, फाउस्तो असं काय करतो. शेवटी मला दया आली."

फाउस्तो थबकला. ओरेस्ते झुरत होता? आपल्यावर? छाती आपोआप दोन बोटं फुगली. चषक गेल्याचं दुःख जरा हलकं झालं. तेवढ्यात खुद्द ओरेस्ते चषक काखेत मारून आला आणि कानाशी वाकला.

"फाउस्तो, रागावू नकोस, एक विचारू? चरबीचं इव्हानानं सांगितलं." त्यानं टेबलावरच्या पांढऱ्या ढिगाकडे आदरानं पाहिलं. "पण हे नुसत्या रव्याचं काय आहे? पुढच्या वर्षीची नवी युक्ती का?"

फाउस्तोनं एकदा बायकोकडे पाहिलं.

"सरावाचं आहे," तो म्हणाला. "तुला इतक्यात जमायचं नाही."